कंठपट्टा

थापी खाली पडली त्या आवाजानं आत्यानं मान वर केली. थाप्या पडतात, त्यात काही नवल नाही. त्यांच्या घरातली पोरं चालायला शिकायच्या आधी थापी पाडायला शिकायची. पण ही पडली होती तिच्या धाकट्या भावाच्या, अण्णाच्या हातून, ऐन पौर्णिमेच्या सकाळी, कंठपट्ट्यावर पहिला हात मारायच्या आधीच.

“ए अण्णा, काय झालं रे?” चुन्याच्या टाकीपाशी बसल्या बसल्या ती ओरडली.

परांचीवर अण्णा उजवा हात पोटाशी धरून उभा होता आणि भिंतीशी भांडण झाल्यासारखा स्तूपाकडे बघत होता. मग तो हळूहळू उतरायला लागला. एका हातानं बांबू धरत, मध्येच थांबत. आत्या उठली. गुडघ्यांनी कुरकुर केली, पण तिनं त्यांना कधी विचारात घेतलं होतं की आज घ्यावं?

अण्णा खाली टेकला तोवर त्याची बायको धावत आली होती. तिला अख्खं घर वहिनी म्हणायचं, आत्यासुद्धा.

“खांदा,” वहिनी म्हणाली. “धरला ना? मी काल रात्रीच म्हटलं होतं तुम्हाला.”

“धरला नाही,” अण्णा म्हणाला. “गेला.”

आणि तो शेडमधल्या बाकावर मटकन बसला.

आता हे नीट समजून घ्यायला हवं. स्तूपाचा घुमट खालपासून वरपर्यंत पांढराशुभ्र झालेला होता. महिनाभर सगळं घर त्याच्यावर राबत होतं. राहिला होता फक्त कंठपट्टा, म्हणजे घुमट जिथे वरच्या चौकोनी कठड्याला भिडतो तिथला हातभर रुंदीचा गोल. तो पौर्णिमेच्या दिवशीच करायचा, एकाच माणसानं, एकाच फेऱ्यात, स्तूप उजवीकडे ठेवून प्रदक्षिणेच्या दिशेनं सरकत, आणि पाऊल मागे न घेता. हा त्यांच्या घराचा नेम. त्यात भक्ती होती तशी अक्कलही होती. दोन माणसांचा दाब कधी सारखा पडत नाही, आणि पौर्णिमेच्या संध्याकाळी कठड्यावर दिव्यांची ओळ लागली की कंठपट्ट्यावरचा दाबातला फरक खालून आंधळ्यालाही दिसतो. जो कंठपट्टा करतो तो घराचा कर्ता. संध्याकाळी प्रदक्षिणेत घरातला तोच सगळ्यांच्या पुढे चालतो.

मागच्या वर्षी दिवे लागले आणि पट्ट्यावर एक लाट दिसली होती. बारीकशी, पण दिसली होती. त्यावरून स्तूपाच्या समितीचे सेक्रेटरी अण्णाला एवढंच म्हणाले होते, “यंदा दिसली ती दिसली. पुढच्या वेळी दिसली तर आम्ही सरळ रंग लावून घेऊ. तीन पिढ्यांचा मान आहे म्हणून किती दिवस लाटा बघत बसायच्या?”

तेव्हापासून घरात कुणी ‘लाट’ हा शब्द उच्चारला नव्हता.

“मी करतो,” अण्णाचा मुलगा म्हणाला. लहानपणी तो घरभर फुसफुस करत पळायचा म्हणून त्याला इंजिन म्हणायचे. आता त्याला स्वतःला पोर झालं होतं तरी नाव काही सुटलं नव्हतं. “बाबा, मी करतो. खालचा घुमट अर्धा माझ्याच हातचा आहे. हा एवढासा पट्टा काय आहे!”

“एवढासा,” आत्या पुटपुटली.

“आत्या, तू आधीच नाट लावू नकोस हं.”

“मी कुठे काय म्हटलं? जा बाबा, चढ. चुना तयार आहे.”

चुना तयार होता हे सांगायची गरजच नव्हती. टाकीत विरवलेला, गाळलेला, वाटलेला, लोण्यासारखा मऊ चुना ही आत्याची बाजू. लहानपणापासून तिनं तेच केलं होतं. नवरा गेल्यावर ती माहेरच्या गल्लीत परत आली, आणि आली ती सरळ टाकीपाशीच येऊन बसली. थापी भावांची आणि चुना तिचा, अशी वाटणी तिच्या वडिलांनी, आबांनीच करून ठेवली होती.

इंजिन चढला. ऊन लागू नये म्हणून परांचीवर कापड ताणलं होतं, त्याच्याखाली त्यानं पहिला हात मारला, आणि तो सुरेख पडला. वहिनीनं खालून हात जोडले. दुसरा पडला. तिसरा पडला. तो डावीकडे सरकत होता, कारण स्तूप उजवीकडे ठेवून चालणारा माणूस स्तूपाकडे तोंड करून उभा राहिला की त्याला सरकावं लागतं डावीकडेच. डाव्या हातात चुन्याची फळी, उजव्या हातात थापी. पुढचा हात मारायचा म्हणजे उजवा हात छातीवरून पलीकडे न्यायचा आणि मध्ये येणारी फळी चुकवायची.

“खांदा आवळ,” खालून अण्णा म्हणाला. “कमरेतून वळ. आता सोड... अरे, कोपर! कोपर सांभाळ!”

उशीर झाला होता. इंजिनचा कोपर ओल्या चुन्यात रुतला. एखाद्या बाळानं दह्यात हात घालावा तसा अख्खा कोपर उमटला. आणि मग त्या शहाण्यानं काय करावं? ते बुजवायला तो चटकन उजवीकडे सरकला. मागे.

अण्णानं डोळे मिटून घेतले.

“उतर,” वहिनी म्हणाली. स्वतःच्या पोराला म्हणाली, आणि कुणाकडे न बघता म्हणाली. “सगळं खरवड आणि उतर.”

“आई, अगं एकच पाऊल...”

“उतर म्हणते ना.”

इंजिन खरवडून खाली आला तेव्हा त्याच्या कोपरापासून मनगटापर्यंत चुना होता आणि तोंडचं पाणी पळालं होतं. आत्यानं टाकीत वाकून बघितलं. घोटायच्या लायकीचा चुना आता एकाच फेऱ्यापुरता उरला होता. ते तिनं सगळ्यांना सांगितलं.

नेमका त्याच वेळी बापू आला. धाकटा भाऊ. चौकात त्याचं रंगाचं दुकान. दर वर्षी ह्या पौर्णिमेला तो सकाळी नुसता पाहुण्यासारखा यायचा, चहा घ्यायचा, घुमटाकडे बघून “छान झालंय” म्हणायचा आणि जायचा. आज त्यानं एकेकाचं तोंड बघितलं आणि चहा मागितलाच नाही.

“सेक्रेटरी भेटले वाटेत,” तो म्हणाला. “दुपारनंतर बघायला येतायत. अण्णा, हे बघ, रागावू नकोस. दुकानात पांढरा रंग आहे. हातभर पट्टा, दोन पोरं लावली तर तासाभरात...”

“तोंड बंद कर.” अण्णा उठून उभा राहिला. “ह्याच दिवसाची वाट बघत होतास ना? आबांच्या हातचा स्तूप, त्याला डब्यातला रंग फासायचा आणि वर पाटी लावायची तुझ्या दुकानाची!”

“मी पाटी म्हटलं का?”

“म्हणायला कशाला हवं! सेक्रेटरी तुझ्याकडेच का बोलतो सगळं? माझ्याकडे का नाही बोलत?”

“तुझ्याशी बोलायची सोय आहे का कुणाला? नाकावर राग घेऊन फिरतोस!”

“अहो, पुरे,” वहिनी मध्ये पडली. “भावजी, तुम्हीही जरा...”

“नाही, आज बोलूनच टाकतो, वहिनी.” बापूचा आवाज चढला होता, आणि चढता चढता मध्येच फाटला. “मला रंगाचं वेड होतं म्हणून मी दुकान काढलं असं वाटतं तुम्हा सगळ्यांना. आबांना शेवटी घास तोंडापर्यंत नेता येत नव्हता. आठवतं का, अण्णा? तू भरवायचास. मी दारात उभा राहून बघायचो. लोक यायचे आणि म्हणायचे, वा, हा कंठपट्टेवाल्यांचा खांदा! आणि आपण छाती फुगवायचो. घराण्याचा खांदा म्हणे! मला तो खांदा नको होता. म्हणून पळालो मी. बस, एवढंच आहे.”

इतकी वर्षं हे बापूच्या पोटात होतं आणि कुणाला पत्ता नव्हता. अण्णा खाली बसला. इंजिन पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिला.

आत्या मात्र बापूकडे बघतच राहिली. तिच्या डोक्यात काहीतरी हललं होतं.

“आबांचा कुठला खांदा गेला?” तिनं विचारलं.

“ताई, आता हे काय?” अण्णा म्हणाला.

“सांग तर. कुठला?”

“उजवा. सगळ्यांना माहीत आहे.”

“आजोबांचा?”

“उजवाच. घराण्याचा आहे तो...”

“आणि बापूचा? चार गोण्या एका दमात उचलतो दुकानात. त्याला नाही का रे घराणं? अण्णा, ऊठ. ये इकडे, ह्या भिंतीसमोर उभा राहा. वर कंठपट्ट्यापुढे राहतोस तसा.”

“ताई, वेळ काय, तू करतेस काय!”

“ऊठ म्हटलं ना!”

ती थोरली होती. लहानपणी तिनं दोघांची नाकं पुसून त्यांना वाढवलं होतं. अण्णा उठला. शेडच्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, आणि आत्यानं त्याच्या डाव्या हातात एक फळकूट दिलं. “ही फळी. आता सरक डावीकडे. आणि पुढे हात मार. उजव्यानं.”

अण्णानं हात छातीवरून पलीकडे नेला, अर्ध्यात थांबला आणि कळवळला.

“हे,” आत्या म्हणाली. “हे बघा सगळ्यांनी. दर वर्षी अख्खा फेरा हा हात असा आडवा. आबांनी तेच केलं. आजोबांनी तेच. ह्यात कसलं रे घराणं? तुम्ही ज्या दिशेनं जाता त्या दिशेला तुमचा हातच नाही. प्रदक्षिणा डावीकडे सरकवते आणि तुम्ही उजव्या हातानं तिच्याशी झटापट करता. लाटा पडणार नाही तर काय होणार?”

“मग काय, उलटी प्रदक्षिणा घालू?” इंजिन म्हणाला.

“गाढवा, दिशा नाही बदलायची. हात बदलायचा.”

हे बोलून ती अडकली. कारण आता पुढचं बोलायला हवं होतं, आणि ते तिनं कधी कुणासमोर उच्चारलं नव्हतं. ती जन्मापासून डावरी होती. लहान असताना तिनं एकदा डाव्या हातात थापी धरलेली आबांनी बघितली होती. ते ओरडले नाहीत. शांतपणे फडक्याची पट्टी घेतली आणि तिचा डावा हात कमरेला बांधून टाकला. “डावा हात स्तूपाला लागत नाही आपल्यात,” एवढंच म्हणाले. ऋतू बदलला तेव्हा पट्टी सुटली. थापी सुटली ती कायमचीच. आबांवर तिचा जीव होता, आणि ह्या एका गोष्टीचा राग तिनं जपून ठेवलेला होता. दोन्ही खरं होतं.

“मी करते,” ती म्हणाली. “मला चढू दे.”

अण्णा तिच्याकडे बघत राहिला. “तू? ताई, तू थापी कधी धरलीस?”

“वन्सं,” वहिनी हळूच म्हणाली, “सांगू का मी?”

“काय सांगणार आहेस?”

“त्यांच्या मोरीची भिंत,” वहिनी अण्णाला म्हणाली. “बघितलीय का तुम्ही कधी? नसेलच बघितली. मी सणासुदीला केस विंचरायला वन्संच्या मोरीत जाते, हो. आरसा लागत नाही. माझ्या भांगातला एकेक केस दिसतो त्या चुन्यात. मला वाटायचं तुम्हीच करून दिली असेल बहिणीला. एक दिवस खिडकीतून बघते तर ह्या बाई पदर खोचून घोटतायत, आणि तेही...” ती थांबली.

“कुठल्या हातानं?” अण्णानं विचारलं.

वहिनीनं आत्याकडे पाहिलं.

“डाव्या,” आत्या म्हणाली. “दार लावून. दर वर्षी नवा गिलावा करते. त्या मोरीइतकी लाड केलेली मोरी जगात दुसरी नसेल.”

बापू फस्सकन हसला, आणि हसल्यावर त्याचे डोळे भरून आले.

“मोरी आहे ती,” अण्णा म्हणाला. “हा स्तूप आहे. डावा हात... आबांनी सांगितलेलं आहे, ताई. मी कसं मोडू?”

शेडच्या दारावरून भंते चालले होते. हातात झाडू, मागे फुलांच्या टोपल्या घेतलेल्या बाया. अण्णा बुडत्यासारखा त्यांच्याकडे धावला. “भंते, तुम्हीच सांगा. डाव्या हातानं स्तूपाचं काम चालतं का?”

भंतेंनी एकदा अण्णाकडे पाहिलं, एकदा आत्याकडे. “मला काय विचारता? मी झाडू दोन्ही हातांनी मारतो,” ते म्हणाले, आणि झाडायला निघून गेले.

“आता बोल,” बापू म्हणाला.

“तू कुणाच्या बाजूनं आहेस रे नक्की?” अण्णा त्याच्यावर वसकला. “मघाशी रंग घेऊन आला होतास!”

“मघाशी ताई चढणार नव्हती.”

“अहो,” वहिनी नवऱ्याजवळ गेली आणि त्याच्या दुखऱ्या खांद्यावर हात ठेवला, इतका हलका की ठेवल्यासारखा वाटू नये. “हा खांदा उद्या ह्याचाही जाणार.” तिनं इंजिनकडे मान केली. “मग त्याच्या पोराचा. मला तुम्हाला घास भरवायचा नाहीये. आणि तुमच्या सुनेनंही ह्याला भरवायला नको.”

अण्णा शेडबाहेर गेला. आत्याला वाटलं, संपलं. आता तो घरी जाईल, दार लावून घेईल, आणि संध्याकाळी स्तूपाच्या गळ्याला रंग असेल. ह्या वयात एवढं हवंसं वाटावं असं काही आपल्यात उरलेलं आहे, ह्याची तिला लाज वाटली, आणि लाजेहूनही जास्त राग आला. हवं होतं तर होतं! चोरी होती का ती?

अण्णा परत आला. त्याच्या हातात सकाळी पडलेली थापी होती. ती त्यानं आपल्या सदऱ्याला पुसली.

“पाऊल मागे घेऊ नकोस,” तो म्हणाला. “बाकी मी काही सांगत नाही.”

तो थापी तिच्या उजव्या हाताशी धरून उभा होता, सवयीनं. आत्यानं ती डाव्या हातानं घेतली.

परांची चढताना इंजिन तिच्या मागोमाग होता, पडली तर झेलायला. “आत्या, खाली बघू नकोस,” असं तो दर बांबूला म्हणत होता. शेवटी ती म्हणाली, “अरे, मी वर बघतेय. तूच कशाला खाली बघतोस?” फळी धरायला कुणीतरी हवं होतं. ते काम बापूनं मागून घेतलं. रंगाचा दुकानदार चुन्याची फळी घेऊन कंठपट्ट्याशी उभा राहिलेला बघून खाली माळा बांधणारी माणसं काम विसरून बघायला लागली.

“पडलो तर दुकान तुला,” बापू इंजिनला म्हणाला.

“गप्प उभे राहा दोघं,” आत्या म्हणाली.

तिनं स्तूपाला कपाळ टेकलं, चुना घेतला, आणि पहिला हात मारला.

हात डावीकडे गेला. सहज गेला. मध्ये काही आलं नाही, छाती नाही, फळी नाही, कोपर नाही. दार ढकलावं आणि ते कडी न लावलेलं निघावं तसं तिला झालं. ती सरकली, दुसरा हात मारला. तो पहिल्यात मिसळून गेला. मग तिसरा, मग मोजायचं तिच्या ध्यानातच राहिलं नाही. चुना तिचाच होता, त्याची ओल तिला बोटांच्या टोकांना कळत होती. कुठे दाबायचं, कुठे नुसतं फिरवायचं, कधी घोटायचा गुळगुळीत दगड घ्यायचा, सगळं मोरीच्या भिंतीनं शिकवून ठेवलं होतं. बापू तिच्यापुढे सरकत फळी धरत होता आणि ती नुसती डाव्या बाजूला हात नेत होती.

“ताई,” मध्येच तो कुजबुजला, “लाट नाहीये गं.”

“असायला कशाला हवी?”

अर्धा फेरा झाला. सूर्य कापडाच्या वर आला होता. ती उन्हाच्या बाजूला पोचली आणि तिथे चुना पटपट सुकायला लागला. आता हात जलद चालायला हवा होता, आणि पाठीत कळ निघत होती. खालून अण्णाचा आवाज आला, “ताई, पाणी पाज पट्ट्याला! पुढे पाणी मार!” सांगत नाही म्हणाला होता तरी राहवलं नाही त्याला. इंजिननं ओलं फडकं पुढे पुढे फिरवलं. ती सरकत राहिली.

आणि मग समोर तिचीच सुरुवात दिसायला लागली.

खरा जीव इथे टांगणीला लागायचा. जिथून निघालो तिथली कड एव्हाना आवळलेली असते आणि तिच्यात ओला चुना मिसळावा लागतो. अण्णाच्या लाटा बहुतेक इथेच पडायच्या, कारण शेवटी शेवटी त्याच्या खांद्यात दमच उरायचा नाही. आत्या थांबली. बापूच्या फळीवर उरलेला चुना तिनं बघितला. पुरेल. जेमतेम, पण पुरेल. तिच्या हातात अजून दम होता. अख्ख्या जन्माचा साठवलेला दम होता.

तिनं कडेवर पाणी शिंपडलं, बोटानं ती चाचपली आणि हात मारला. लांब, एकाच दाबाचा, सुरुवातीच्या अंगावरून पुढे निघून जाणारा. मग दगड घेऊन त्यावरून फिरवत राहिली, फिरवत राहिली, सांधा कुठे होता ते तिलाच सापडेनासं होईपर्यंत.

“बापू,” ती म्हणाली, “सांधा शोध.”

बापूनं नाक लावून शोधला. इंजिननं शोधला. “नाही गं,” बापू म्हणाला. “देवाशप्पथ नाहीये.”

“रंगवाल्यांचा देव कुठला रे?” ती म्हणाली आणि हसायला लागली. हसता हसता तिला परांचीचा बांबू घट्ट धरावा लागला.

वहिनीनं आत्याच्या हाताला तेल चोळलं, बळेच चार घास खायला लावले. दुपारी सेक्रेटरी येऊन खालूनच बघून गेले आणि “दिव्यांत बघू” म्हणाले. ते बरोबरच होतं. दिवसा सगळेच पट्टे चांगले दिसतात.

परांची उतरवली गेली. लोक जमायला लागले. पांढऱ्या कपड्यांतली म्हातारी माणसं, कडेवर पोरं घेतलेल्या बाया, हातात फुलं, उदबत्त्या. कठड्याभोवती दिव्यांची ओळ मांडलेली होती. उजेड उतरला, भंतेंनी शिडीवर चढून पहिला दिवा लावला आणि मग एकावरून एक दिवे लागत गेले.

आत्या शेडच्या दारात उभी होती. तिला बघवेना. तिनं वहिनीचा दंड पकडला. “तू बघ. मला सांग.”

वहिनी वरच बघत राहिली.

“काय गं? दिसतेय? लाट दिसतेय?”

“वन्सं,” वहिनी म्हणाली, “तुम्हीच बघा हो.”

आत्यानं वर पाहिलं. दिव्यांच्या खाली, पांढऱ्या घुमटाच्या गळ्याशी, उजेडाचं एक अखंड कडं होतं. सुरुवात नाही, शेवट नाही, कुठे सावली नाही. दिव्याची प्रत्येक ज्योत त्यात दुसऱ्यांदा लागली होती. गर्दीतला बोलण्याचा आवाज आपोआप खाली आला. तिच्या गालांवरून पाणी वाहायला लागलं. तिनं ते पुसलं नाही.

सेक्रेटरी गर्दीतून वाट काढत अण्णाकडे आले. अण्णा पायऱ्यांपाशी उभा होता, हात गळ्यातल्या झोळीत. तो झोळी लपवायला शाल पांघरून आलेला होता.

“मानलं बुवा!” सेक्रेटरी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “मी ह्या स्तूपावर असा पट्टा बघितला नाही. रंगाचं नाव पुन्हा काढणार नाही. अण्णा, खांदा बरा दिसतोय तुमचा! तुमच्या हाताला तोड नाही.”

बापूनं अण्णाकडे पाहिलं. अण्णा घराचा कर्ता होता, समोर गाव उभं होतं, आणि नुसतं “आपली कृपा” म्हटलं असतं तरी भागलं असतं. आत्यानं मनातल्या मनात त्याला तेवढं माफही करून टाकलं.

अण्णानं शाल काढली. झोळी सगळ्यांना दिसली.

“हा खांदा सकाळीच गेला,” तो म्हणाला. “माझा हात नाही हा. आमच्या ताईचा आहे.” मग तो आणखी मोठ्यानं म्हणाला, “डावा हात. अख्खा कंठपट्टा डाव्या हातानं केलाय तिनं. आम्ही उजव्यांनी आजवर नुसते खांदे घालवले!”

मग मागून कुठल्या तरी म्हातारीचा आवाज आला, “साधु!” आणि भंते पायरीवर वळून म्हणाले, “साधु!” आणि मग सगळी गर्दीच म्हणाली, इतक्या जोरात की वरचे दिवे हलले असं इंजिन पुढे जन्मभर सांगत राहिला.

आत्या शेडच्या दारातून हललीच नाही. बापूनं आणि वहिनीनं तिला दोन बाजूंनी धरून पायऱ्यांपाशी आणलं. प्रदक्षिणा सुरू व्हायची होती. अण्णा नेहमीसारखा सगळ्यात पुढे उभा होता. ती जवळ आली तसा तो बाजूला झाला.

“पुढे हो, ताई.”

“अरे, राहू दे. कर्ता तू आहेस.”

“कर्ता कोण असतो? आबांनीच सांगितलंय,” अण्णा म्हणाला. “ते तरी मला पाळू दे.”

तो मागे सरकला आणि तिच्या पाठीशी जाऊन उभा राहिला. त्याच्या मागे वहिनी, मग बापू, मग इंजिन. आत्यानं पदर सारखा केला आणि पाऊल टाकलं. स्तूप तिच्या उजव्या हाताला होता, आणि मागून अख्खं घर येत होतं.